शेपटीतलं एक अक्षर

ता. ४ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

फोन सासूबाईंच्या खोलीत, म्हणून हे पत्र. तुमच्या दादांना जाऊन उद्या पाच महिने होतील. जिन्यात कोसळले तेव्हा हातात अंडी होती, त्यातलं एकही फुटलं नाही. शेजारी अजून तेवढंच सांगतात. सासरेही असेच गेले होते, चाळिशीच्या आत.

आता आपल्या भिंगरीच्या रक्ताचा रिपोर्ट आलाय. हृदयातली विजेची जोडणी ज्या जनुकामुळे होते, त्यात एक अक्षर बदललेलं आहे. ह्यांच्या जपून ठेवलेल्या रक्तातही तेच निघालं. पण डॉक्टर म्हणतात, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, बदल निरुपद्रवीही असेल. घातक असेल तर छातीत झटका देणारं यंत्र बसवावं लागेल. नसेल तर बारा वर्षांच्या पोरीला उगाच कशाला चिरायचं?

मी चष्म्याच्या काचा घासणारी बाई. काच केसभर चुकली तर गिऱ्हाइकाचं डोकं दुखतं, एवढंच मला कळतं. पुढचं तुम्हाला कळतं. जन्मभर कॉम्प्युटरवर प्रोटीनंच फिरवत बसलात, आमचं लग्नसुद्धा अर्ध्यावर टाकून पळालात! तर सांगा, घातक की नाही?

सासूबाईंना यातलं काही माहीत नाही. माया आहेच तुमची, ती लवकर उत्तर पाठवून दाखवा.

तुमची,
वहिनी

ता. १५ फेब्रुवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

हे प्रोटीन डीएनएला धरतं आणि कोणतं जनुक चालू करायचं ते ठरवतं. आपल्या प्रोटीनचा नेमका आकार अजून कुणी पाहिलेला नाही. म्हणून त्याच्या चुलतभावाचा, म्हणजे त्याच्यासारख्याच दुसऱ्या प्रोटीनचा आकार घेऊन मी त्यावर बेतलं, जुन्या झग्यावरून नवा बेतावा तसं. बदललेलं अक्षर टोकाच्या सैल शेपटीत येतं. ती नुसतीच हलते, कशालाही धरत नाही. तेव्हा बहुधा काळजीचं कारण नाही. प्रयोगशाळेतले आमचे सर म्हणतात, मॉडेल म्हणजे शेवटी अंदाज.

भिंगरीला धावू दे. बसवून ठेवलीस तर घर डोक्यावर घेईल. आईच्या गुडघ्यांसाठी तेल पाठवलंय.

आठवण ठेवशीलच,
तुझी नणंद

ता. २ मार्च

वन्सं,

नमस्कार लिहायचंही त्राण नाही. काल शाळेच्या मैदानात भिंगरी पडली. खेळाच्या बाई म्हणाल्या, नाडी लागत नव्हती, छाती दाबून परत आणली. आता दवाखान्यात वायरींमध्ये गुंडाळून ठेवलीय. शुद्धीवर आल्यावर तिनं पहिलं विचारलं, शर्यत कोण जिंकलं.

तुमचं 'बहुधा' मी डॉक्टरांना वाचून दाखवलं होतं. त्यांनी मान डोलावली होती. मी कालपासून तिच्या पायावर हात ठेवून बसलेय, छातीवर ठेवायचा धीर होत नाही. मला बहुधा नको. पुन्हा बघा, पाया पडते तुमच्या.

वहिनी

ता. ७ मार्च

वहिनी,

चुकले मी. प्रोटीन एकटंच मांडलं होतं, डीएनएशिवाय. काल दोन्ही एकत्र मांडली. डीएनए समोर येताच ती सैल शेपटी त्याच्या खाचेत जाऊन बसते, आणि तिथे पकड घेतं ते नेमकं आपल्याच जागेचं मूळ अक्षर. बदललेलं अक्षर घालून नऊदा चालवलं, आठदा पकड सुटली. सरांनी सगळं वाचलं, खाली सही केली आणि स्वतः तुमच्या डॉक्टरांना फोन लावला.

घातक आहे. यंत्र बसवून घे. वाट बघू नकोस.

नणंद

ता. २ एप्रिल

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

यंत्र बसवलं. डॉक्टर म्हणाले, नुसत्या चित्रावर कापलं नसतं. पण पोरीचं पडणं, वडील, आजोबा आणि त्यावर हे चित्र, मग शंका उरली नाही. परवा वेणी घालताना ठोके बिघडले आणि यंत्रानं झटका दिला. भिंगरी किंचाळली, आतून कुणीतरी लाथ मारली म्हणाली. मी हसत होते की रडत, मलाच कळेना. सासूबाईंना सांगावंच लागलं. त्या आधीच घडी घातलेल्या कपड्यांच्या पुन्हा घड्या घालत बसल्या.

काल डॉक्टरांनी विचारलं, वडिलांना भावंडं किती? म्हटलं, एक बहीण, तिनंच तर हे चित्र काढलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात उजेड पडला. दोन महिने मी फक्त माझ्याच पोरीचं रडगाणं गायलं. वन्सं, तुमचं रक्त तपासलंत का?

खरं तेच लिहा, एवढा जीव लावा.

वहिनी

ता. ९ एप्रिल

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तपासलं. दादा गेल्यावर मी इथेच, स्वतःहून रक्त तपासायला दिलं होतं. माझा रिपोर्ट तुझ्या पहिल्या पत्राच्या आदल्या आठवड्यात आला. तेच अक्षर.

म्हणून फेब्रुवारीत डीएनए घातला नाही. घाईत राहिलं, असं मी स्वतःला सांगितलं. पण इतक्या वर्षांत ते कधी राहिलं नव्हतं. मला ते अक्षर निर्दोष हवं होतं, वहिनी, आणि त्यापायी भिंगरी मैदानात पडली. शिव्या दे, बोलणं टाक, माझी तक्रार नाही.

यंत्र बसवायला मला सव्वीस तारीख मिळाली आहे. फॉर्मवर जवळच्या माणसाची सही लागते. आईच्या हातात तो कागद मी देऊ शकत नाही. त्या जागी तुझं नाव लिहिलंय. खोडायचं असेल तर पंचवीसच्या आत कळव.

तू म्हणू देशील तर तुझीच,
नणंद