आई माझ्या पायाशी बोलतात

मुलुंड (पूर्व),
१८ फेब्रुवारी १९८६

चि. नंदू यास,

तुझ्या सुलूताईच्या नवऱ्याचे सुमारे पावणेदोन पायांवर उभं राहून अनेक आशीर्वाद. सांताक्रूझला सगळे खुशाल असालच. डोक्यावरून विमानं जात असताना तुझी झोप होते का, तेवढं कळव.

पायाची हकिगत तुला अर्धीच ठाऊक आहे. संस्कृतच्या तासाला नववी ‘ब’ला ‘गजगती’ म्हणजे काय, हे मी चालून दाखवत होतो. हत्ती उत्तम जमला होता (मुलींनीही कबूल केलं), पण चौथ्या पावलाला फळ्याखालचा प्लॅटफॉर्म संपला. उजव्या करंगळीमागचं हाड मोडलं, सहा आठवड्यांचं प्लास्टर लागलं आणि तुझ्या मातोश्री, म्हणजे आमच्या सासूबाई, शुश्रूषेला आल्या.

एकोणीस वर्षांत त्या माझ्याशी थेट एक अक्षर बोललेल्या नाहीत. जावयाचा मान! मी समोर बसलेला असताना पदर ओढून ताईला सांगणार, “जावयबापूंका ईचार, चाय घेतंत काय?” पण ताई सकाळी नऊला ऑफिसला जाते ती साडेसहाला उगवते. मधल्या वेळात मध्यस्थ कोण? पहिल्या दिवशी अकरापर्यंत दोन्ही पक्षांनी मौन पाळलं. मग मी स्टुलावरचा पाय खाली घेतला मात्र, आई कडाडल्या, “मेल्या, खाली कित्याक उतरलंस? वर चढ आधी!” मी दचकून पाहिलं. पदर जागच्या जागी होता आणि नजर प्लास्टरवर. (मान माझा, शिव्या पायाला. इतकी चोख वाटणी आमच्या शास्त्रकारांनाही साधली नसती.)

तेव्हापासून आई आणि पाय या दोघांच्या बोलण्याला खंड नाही. त्याच्यासाठी कुळथाची पिठी झाली (खाल्ली मी). तुझे वडील गेल्यावर आईंनी गिरणीत सूत गुंडाळायच्या वायंडिंग खात्यात काम कसं केलं, तेही त्यालाच कळलं. एकदा तो फार ठणकत होता, मी कण्हत होतो. आई त्याला म्हणाल्या, “अकरा वर्सां उबी ऱ्हवलंय मी. माजे पाय कोणी स्टुलार ठेवले नाय. तू बस गप.” नंदू, या बाईंची थोरवी कळायला मला एक हाड खर्ची घालावं लागलं.

शनिवारी प्लास्टर निघालं. काम झालं, म्हणून येत्या रविवारी आईंना न्यायला येतोस, हे तुझं लिहिणं रीतीला धरूनच आहे. मुलाबाळांना आशीर्वाद.

तुझा भावोजी,
सीताराम

ता. क. रविवारी येऊ नकोस. प्लास्टर निघाल्यापासून घर मुकं झालंय. चहाचं पुन्हा ताईच्या मार्फत विचारलं जातं. तुमच्या घराचं रंगकाम काढलंय म्हणून आईंना कळव. खोटं चालेल, मी संस्कृतात प्रायश्चित्त घेईन.

आ. ता. क. आज दुपारी पाय स्टुलावर ठेवून थोडं कण्हून पाहिलं. आईंनी चष्मा लावून निरखलं. घाईत मी डावा ठेवला होता. “तुका काय्येक झालां नाय,” त्या त्याला म्हणाल्या, “नाटकां करतंस!” आणि समोर बसून ताई येईपर्यंत त्याला झापत राहिल्या. फार बरं वाटलं.