मधाच्या केकच्या डब्यातला कोष

न्युर्नबर्ग, बुधवार, धुणं वाळत घालून झाल्यावर

माझ्या धाकट्या, गुणाच्या आपोलोनियाला थोरल्या कुनिगुंडाचा पोटभर आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? माझे कुरकुरतात, पण चालतात. आल्टडॉर्फला तुझ्या कोंबड्या, तुझा नवरा आणि त्याचा खोकला सगळं ठीक असेल, असं धरून चालते. (अक्षर लागलं नाही तर त्याच्याकडून वाचून घेऊ नकोस. का ते पुढे कळेल.)

आनंदाची बातमी आधी. आपली रोझिना पुस्तकात येणार! डॉक्टर फोल्कर्ट किड्यांचं मोठं पुस्तक काढताहेत, त्यात माझ्या नातीची बारा चित्रं. शेजारीण म्हणायची, पोरीच्या जातीनं फुलं काढावीत. आमची पोर फुलं खाणाऱ्यांना काढते! आणि काय काढते गं! सुरवंटाच्या पाठीवरचा एकेक काटा. परवा तिच्या चित्रातल्या गांधीलमाशीला मी फडकं मारलं, तर पोर दोन दिवस खूश होती. तिचा नियम एकच: सुरवंट, त्याचं पान, त्याचा कोष आणि त्यातून निघालेलं पाखरू, चारही एका चित्रात, आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक रेघ नाही.

आता हे किडे ती पाळते कशात, तर माझ्या मधाच्या केकच्या लाकडी डब्यांत. घरात डबे तेच, दिसायलाही सारखेच. तू पेंटेकॉस्टच्या सणाला आलीस, तुझ्यासाठी मी केक केले (एकटीनं अकरा खाल्लेस, मी मोजत नव्हते), आणि भरायला फळीवरचा एक डबा काढला. झाकणाला आतून काहीतरी तपकिरी चिकटलेलं. मला वाटलं, नाताळच्या केकचा तुकडा. सुरीनं खरवडला. तर त्यातून हिरवं पाणी आलं गं! तो आग्याच्या, त्या अंगाला लागलं की आग होणाऱ्या झुडपावरच्या काळ्या काटेरी सुरवंटाचा कोष. चित्रातलं बाकीचं तिन्ही काढून झालेलं, आता फक्त पाखराची वाट.

मी काय करणार? परसात कोबीमागच्या भिंतीवर तसाच एक लोंबत होता. आणला, खळीनं चिकटवला, झाकण लावलं. कोष तो कोष, असं आपलं मला वाटलं.

पंधरा दिवसांनी पोर ओरडत आली, "आजी, पांढरं! काळ्यातून पांढरं निघालं!" डॉक्टर धावत आले. म्हणाले, "आजवर सगळे चुकीचं सांगत होते, हे पाहणारी तूच पहिली, रोझिना." मला मिठी मारली, माझे दोन केक खाल्ले. मी हसत तिसरा पुढे केला; ते कोबीवरचं साधं पाखरू, हे मलाच ठाऊक. शुक्रवारी ते चित्र छापण्यासाठी तांब्याच्या पत्र्यावर कोरायला जाणार, खाली रोझिनाचं नाव. उद्या कुणीही पोरगं आग्यावरचा सुरवंट बाटलीत ठेवील आणि माझ्या नातीला खोटारडी म्हणेल. ज्या पोरीनं न पाहता रेघ ओढली नाही, तिला!

बाकी सगळं मजेत. जर्दाळू यंदा गोड आहेत.

तुझी थोरली,
कुनिगुंडा

ता. क. तर तू रोझिनाला लिही, की तो कोष तू खरवडलास आणि दुसरा तूच चिकटवलास. तू लांब आहेस, तुला तिच्या हातचं सूप रोज प्यायचं नाही. शिवाय केक तुझ्यासाठीच केले होते.

ता. क. दुसरा. धीर निघेना, म्हणून तू केलंस असं मी तिला आत्ता सांगून टाकलं. पांढरीफटक पडली गं पोर. मग आधी चाकू घेऊन चित्रावरचं ते पाखरू खरडून काढलं, आणि डॉक्टरांकडे गेली, आपली चूक आपणच सांगायला. जाताना म्हणाली, "मावशीआजीला इतकं कसं कळत नाही?" मीही म्हटलं, खरंच बाई.

ता. क. तिसरा. डॉक्टरांनी महिनाभर थांबायचं कबूल केलंय. रविवारी ती सुरवंट शोधायला तुझ्याकडेच येतेय, डबे घेऊन. कुंपणालगतचं आग्याचं रान कापू नकोस, आणि तिला पाहिलंस की आधी माफी माग. जरा रडलीस तर उत्तम.