थोरल्या साडूंच्या मुलीचा पगार

आदरणीय दादा,

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा मनापासून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनींचा खोकला गेला का? आमच्याकडे सगळे ठणठणीत. मला तेवढी छातीत जळजळ होते. डॉक्टर म्हणाले आम्लपित्त. तुमची बहीण म्हणाली आम्लपित्त नाही, थोरले साडू. (तुम्ही दोघींचेही भाऊ, त्यामुळे तुमच्याजवळ थोरल्यांविषयी बोलताना मला जपून बोलायला हवं. पण पोटात काही साठवू नका, असं डॉक्टरांनीच बजावलंय.)

तर झालं असं. मागच्या महिन्यात मी दुकानात एका निवृत्त पोस्टमास्तरांचे डोळे तपासत होतो. तपासणीची जड फ्रेम त्यांच्या नाकावर, समोर अक्षरांचा तक्ता, आणि तेवढ्यात थोरले आत आले. निमित्त काय, तर चष्म्याच्या काडीचा स्क्रू ढिला झालाय. (स्क्रू घट्ट होता. मी आवळून पाहिला.) मग म्हणाले, मुलीला नोकरी लागली, वीज कंपनीत, सबस्टेशनवर. आणि लगेच पगाराचा आकडा! दादा, आपल्यासारखी माणसं पगार कानात सांगतात. थोरल्यांनी इतकी वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवून भर रस्त्यावरचा आवाज कमावलाय. शेजारचा चपलांचा दुकानदारसुद्धा बाहेर येऊन अभिनंदन करून गेला. तो आकडा माझ्या दुकानाच्या चांगल्या महिन्यापेक्षा मोठा होता. मी "वा, वा" म्हटलं, पोस्टमास्तरांना "डावा डोळा झाका" म्हटलं आणि स्वतःचाच झाकला. त्या दिवशी त्यांना जो नंबर काढून दिला, त्या चष्म्यातून त्यांना स्वतःच्या घराच्या पायऱ्या दुप्पट दिसायला लागल्या. पदरचे पैसे घालून काचा बदलून दिल्या.

आता तुम्ही म्हणाल, पोरीचं चांगलं झालं, तुम्हाला काय त्रास? पोरीचा मला काहीच त्रास नाही, ती गुणी आहे. त्रास थोरल्यांचा आहे. या माणसाला सगळं आयतं मिळतं. आमच्या इमारतीची लिफ्ट बंद, यांची चालू. मी रांगेत उभा राहिलो की खिडकी बंद होते, हे आले की शेजारची उघडते. इतकंच काय, गाडी शिकवतानासुद्धा यांच्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो!

आणि हे कमी झालं म्हणून त्याच आठवड्यात आमच्या कन्येने जेवताना जाहीर केलं, की तिलाही इलेक्ट्रिकलच घ्यायचंय. माझा घास हातातच राहिला. डोळे तपासायचं नवं यंत्र घ्यायला मी पैसे साठवलेत, तुम्हाला ठाऊकच आहे. (गिऱ्हाइकाने त्यावर नुसती हनुवटी ठेवली की नंबर आपोआप छापून येतो, म्हणजे पुन्हा कोणी दुकानात येऊन पगार सांगितला तरी धोका नाही.) ते यंत्र की ही पदवी, असा सरळ सामना होता. एका बाजूला फी, राहणं, जेवण, पुस्तकं, आणि एक कॅल्क्युलेटर, ज्याची किंमत ऐकून मला वाटलं की तो पेपरही स्वतःच लिहीत असावा. दुसऱ्या बाजूला थोरल्यांचा आकडा. पण तो आकडा खरा का? सगळ्यांना मिळतो का? लगेच मिळतो का? तुमची बहीण म्हणाली, इथे बसून जळण्यापेक्षा जाऊन विचारा.

म्हणून रविवारी आम्ही थोरल्यांकडे गेलो. पगार सरळ विचारायचा नाही, हे घरून ठरवून गेलो होतो. मी कर भरण्याचा विषय काढला, थोरल्यांनी गाडीच्या मायलेजचा काढला. मी महागाईवर आलो, ते पुन्हा पगाराच्या आकड्यावर आले, आणि तो या वेळी थोडा वाढलेला होता. शेवटी पोरीची परीक्षा घ्यावी म्हणून मी म्हटलं, आमचा मिक्सर फार आवाज करतो, बघतेस का? ती हसून म्हणाली, "काका, मी हात लावते ते यंत्र बंद पडलं तर अर्ध्या शहराचे मिक्सर बंद पडतात." थोरले टाळी द्यायला पुढे झाले. मी हात खिशात घातले.

परत निघताना पोरगी मला सोडायला आली, तीच ती थोरल्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलची, शिकाऊची पाटी लावलेली गाडी घेऊन. (तुमची बहीण बहिणीशी गप्पा मारत मागेच राहिली.) वाटेत मी कन्येचं सांगितलं आणि एकदाचं विचारूनच टाकलं, की बाई गं, परवडतं का हे? तिने गाडी कडेला घेतली. म्हणाली, "तुम्हाला म्हणून सांगते. इलेक्ट्रिकल मशीन्सच्या पेपरात मी दोनदा नापास झाले. पदवी मिळाल्यावर दीड वर्षं कुणी दारात उभं केलं नाही. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या विकत फिरले, दुकानं पालथी घालत, भर उन्हात. बाबांना यातलं काही माहीत नाही. त्यांना वाटतं ते कंपनीचं ट्रेनिंग होतं." आणि मग म्हणाली, तरी मी पुन्हा हेच घेईन.

दादा, तिचं शेवटचं वाक्य मला नीट ऐकूच आलं नाही. घरी पोचेपर्यंत माझी जळजळ पार गेली! दोनदा नापास! बॅटऱ्या! मी त्या रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. कन्येला म्हटलं, बघू, घाई नाही.

पुढच्या रविवारी थोरल्यांनी नोकरीचं जेवण दिलं. (तुमचा गुडघा दुखत होता म्हणून तुम्ही आला नाहीत. फार बरं केलंत.) जेवताना त्यांनी तो आकडा तीन पंगतींना वाढला. आमची कन्या तोंड उघडं टाकून ऐकत होती, माझ्याकडे तिने आयुष्यात असं पाहिलेलं नाही. मला राहवेना. हात धुवायला ते बेसिनपाशी गेले, तसा मीही मागोमाग गेलो आणि हळूच म्हटलं, "ट्रेनिंग कसलं हो, पोर बॅटऱ्या विकत होती."

ते साबण लावत होते. लावतच राहिले. म्हणाले, "माहितीय. तुमच्या दुकानातली बॅटरी कुणाची आहे असं वाटतं तुम्हाला?"

मला एकदम आठवलं. गेल्या उन्हाळ्यात हेच माझ्या मागे लागले होते, अमक्या एजन्सीचीच घ्या, चांगली असते म्हणून. तशा बॅटऱ्या त्यांनी गाडी शिकवलेल्या प्रत्येक माणसाच्या गळ्यात मारल्या होत्या. नापास झाल्याचंही त्यांना ठाऊक होतं. फेरपरीक्षेच्या दिवशी शिकाऊ माणसाला गाडीत घालून ते कॉलेजच्याच रस्त्यावर फेऱ्या मारत बसले होते, ती कुठल्या चेहऱ्याने बाहेर पडते ते बघायला. (त्या शिकाऊ माणसाला म्हणे आजही फक्त डावीकडे वळता येतं.) मग हात पुसत म्हणाले, "तिला कळू देऊ नका. मला माहीत नाही असं तिला वाटतं, म्हणून ती ताठ चालते. आणि पैशांचं विचाराल, तर घातलेले परत यायला अजून पाच-सहा वर्षं जातील. मी आकडा ओरडून सांगतो तो तिच्यासाठी. दीड वर्षं ती मान खाली घालून जेवत होती."

इतकं बोलून ते बाहेर गेले आणि पुन्हा आकडा सांगायला लागले. मी नळ बंद केला आणि मागोमाग जाऊन तो आकडा पुन्हा ऐकला.

दादा, पगाराचा हेवा परवडला. त्याला आकडा असतो, त्याहून मोठा आकडा कुठेतरी सापडतो. पण या माणसाचा मला आता जो हेवा वाटतो, तो कुठे नेऊन ठेवू? माझी कन्या दोनदा नापास झाली असती, तर मी काय केलं असतं? घरभर ऐकवलं असतं, दुसरं काय! परत येताना तिने विचारलं, "बाबा, मग घेऊ ना इलेक्ट्रिकल?" मी घे म्हटलं. यंत्राचं पुढे बघू. पोस्टमास्तरांना अजून काही वर्षं जुन्याच पद्धतीने अक्षरं वाचावी लागतील.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमचा,
धाकटा

ता. क. मुद्दा राहिलाच. कॉलेज तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि तुमची मागची खोली रिकामी असते. चार वर्षं कन्येला तिथे ठेवून घ्याल का? यासाठी कुणाचीही शिफारस न लावता मी स्वतः, बाप म्हणून, तुमच्यापुढे पदर पसरतो आहे. थोरल्यांना एवढ्यात बोलू नका. एक तरी गोष्ट मला त्यांच्याआधी करू द्या.

आणखी ता. क. पाकीट चिकटवणार, तेवढ्यात तुमची बहीण हे वाचून हसत सुटली. थोरल्यांनी म्हणे सोमवारीच तुम्हाला फोन करून खोलीचं पक्कं केलं आणि वहिनींनी ती झाडूनही घेतली. मला कोणी सांगितलं नाही. असू दे. मी पत्रावर त्याच्या आदल्या दिवशीची, जेवणाच्या रविवारचीच तारीख टाकतो आहे, कोणी विचारलं तर टपाल उशिरा आलं म्हणून सांगा.