बाटलीबंद जंतू

समाहीज, रविवार

आदरणीय मक्कीमामा,

सलाम, आणि तुमच्या हाताचा मुका. मामींचा गुडघा आता वळत असेल आणि तुमच्या सापळ्यात रोज मासे लागत असतील अशी आशा आहे. (फोनवरच विचारलं असतं, पण रमजानपासून तुम्ही माझा फोन उचलत नाही. कारण मला ठाऊक आहे. भरल्या बैठकीत मी म्हणालो होतो की तुमचा समुद्र जंतूंनी भरलेला आहे, माझ्या माशांच्या काचेच्या टाकीत त्याचा थेंबही पडणार नाही. चाळीस वर्षं त्याच पाण्यात उभ्या राहिलेल्या माणसाला असं बोलायचं नसतं. पण चहा चांगला होता आणि ऐकणारे बरेच होते.)

तर टाकी आली. समुद्र आमच्या गल्लीच्या टोकाला असताना मी गोणीतलं मीठ विकतच्या पाण्यात कालवून दिवाणखान्यात वेगळा समुद्र तयार केला. मग मनामातला टाकी विकणारा दुकानदार म्हणाला की यात मासे सोडाल तर ते स्वतःच्याच घाणीने मरतील, आधी ती घाण खाणारे जंतू हवेत. महिनाभर थांबा, नाहीतर ही बाटली ओता, एका दिवसात काम होईल. म्हणजे ज्या जंतूंवरून तुमच्याशी वाकडं घेतलं तेच मी विकत आणले, तेही परदेशी. (आपल्याकडे घाण काढायला माणसंही परदेशातूनच आणतात, त्यामुळे मला त्यात वावगं काही वाटलं नाही.) बाटलीवर ‘थंड ठेवा’ असं लिहिलं होतं. ती ऑगस्टच्या भर दुपारी गाडीत ठेवून मी बैठकीत तासभर सगळ्यांना उद्या मासे पाहायला या म्हणून सांगत बसलो. परत आलो तेव्हा बाटली हातात धरवेना. तरी ओतली.

दुसऱ्या दिवशी बावीस माणसं आली आणि नुसतं पाणी पाहून गेली. माझे सासरे हाजी मन्सूर टाकीसमोर खुर्ची ओढून पाऊण तास बसले आणि शेवटी म्हणाले, ‘‘पाणी छान आहे हो. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी माशांची जोडी मीच आणतो.’’ त्यांचे मासे माझ्या टाकीत मेले तर, या भीतीने मी पुन्हा मनामा गाठलं.

दुसरी बाटली मी बर्फात घालून, मांडीवर धरून आणली. जंतूंना खाऊ म्हणून अमोनियाचे थेंबही टाकले. तिसऱ्या दिवशी पाणी तपासायच्या नळीतला, घाण दाखवणारा हिरवा रंग पिवळा पडू लागला, म्हणजे मंडळी जेवायला बसली. तेवढ्यात तुमच्या बहिणीने विचारलं, ‘‘जवाद, एवढी माणसं बघून जातात, आहे तरी काय त्यात?’’ जिवाणू, म्हटलं. ‘‘किती?’’ अब्जावधी. ‘‘मग दृष्ट लागेल नाहीतर काय!’’

मी कामावर गेल्यावर आईने ऊद पेटवला, टाकीभोवती सात फेऱ्या मारल्या, धुपाटणं नेमकं हवेच्या पंपाशेजारी ठेवलं आणि पाहुण्यांवर शिंपडतात तसं पाण्यात गुलाबजल शिंपडलं. पंपाने सगळा धूर पाण्यात ओढला. संध्याकाळी फेस गालिच्यावर आला होता. पाण्याला लग्नघराचा वास येत होता आणि नळी गडद हिरवी झाली होती. मी आईला काही बोललो नाही. (दोन शब्द बोललो. ती रडली. मग गालिचा मीच पुसला.) पाणी सगळं फेकून नवं भरलं.

बाकी सर्व ठीक. उत्तराची घाई नाही.

तुमचा भाचा,
जवाद

ता.क. तुमच्या सापळ्याच्या तळाशी जुने, शेवाळ चढलेले दगड असतात ना? दुकानदार हळूच म्हणाला की असल्या एका दगडावर त्याच्या सगळ्या बाटल्यांहून जास्त जंतू असतात. दोन पाठवा, ओल्या पोत्यात. कोणी विचारलं तर कलिंगड म्हणा.

ता.क. कलिंगड नको, लोक कापा म्हणतील. काहीच सांगू नका. श्रेय बाटलीला देऊ, चालेल ना?

ता.क. सासऱ्यांचा आत्ताच फोन आला. शुक्रवारचे मासे घेतलेसुद्धा. त्यातल्या मादीला त्यांनी माझ्या बायकोचं नाव ठेवलं आहे. मामा, दगड तुम्ही स्वतः घेऊन या, दिवसाढवळ्या, पोतं उघडं टाकून. सासऱ्यांच्या शेजारी बसा आणि समुद्राबद्दल काय बोलायचं ते बोला, माझ्याबद्दलही बोला. मी चहा ओतत असेन. फक्त बुधवारच्या आत या.