चैत्याच्या नावावरची पुस्तकं

१२ ऑगस्ट, सोमवार

काढून टाकलं! ते पुस्तकं ऐकवणारं ॲप फोनमधून कायमचं गेलं. महिनाभर फुकट म्हणाले आणि आज सकाळी न विचारता एकशे नव्याण्णव रुपये कापले. मी घरभर तोंडसुख घेतलं. आई भाकरी थापत होती, चैत्या ओटीवर टोपली विणत होता. दोघांनी मुकाट ऐकून घेतलं. ॲपवर कसं ओरडणार, म्हणून त्यांच्यावर!

१३ ऑगस्ट

शेडवर नऊ तास चिकू निवडायचे. मोठा इकडे, मधला तिकडे, गोटी खालच्या क्रेटमध्ये. हाताला काम आहे, डोक्याला नाही. आणि रिकामं डोकं नको नको ते दळत बसतं — आईचा गुडघा, गळका पत्रा, माझं मोडलेलं लग्न. गोष्ट चालू असली की यातलं काही आठवत नाही. शुक्रीमावशी समोरच बसते, तिलाही सवय लागली होती. "काय गो, त्या बाईचा पुढं काय झाला?" म्हटलं, मावशी, ती बाई पैसे भरल्याशिवाय पुढं सरकत नाही.

१९ ऑगस्ट

शितल शेडवर वाणगावहून येते. तिच्या मामांना दिसत नाही. ती म्हणाली, अंध माणसांसाठी एक संस्था आहे — ढीगभर पुस्तकं, सगळी आवाजात, फोनवर, एक पैसा नाही. फक्त अंध असल्याचा दाखला लागतो.

दाखला तर आमच्या पेटीत पडून आहे! चैत्याचा.

त्याला कशाला हवीत पुस्तकं? तो आपला टोपल्या विणतो, गुणगुणतो. माझा भाऊ तसा समाधानी आहे.

२२ ऑगस्ट

झालं. शितलनं संस्थेत शब्द टाकला. नाव चैत्याचं, दाखला चैत्याचा, फोटो चैत्याचा. नंबर तेवढा माझा. "फोटो कशाला बाय?" म्हटलं, कागदाचं काम आहे. लगेच केसांना पाणी लावून ताठ बसला.

९ सप्टेंबर

सातवं पुस्तक! फोन चिकूच्या चिकानं नुसता चिकट झालाय. शुक्रीमावशी आज एका मरणावर इतकी रडली की तिनं गोटी चिकू मोठ्यांत टाकले. शेठ ओरडला. मग तोच क्रेटवर टेकला आणि शेवटपर्यंत ऐकत बसला.

१६ ऑक्टोबर

संस्थेतल्या धनेश सरांचा फोन. "चैत्यभाऊ आहेत का?" म्हटलं, बाजारात गेलाय टोपल्या घेऊन. (घरी होता. मी शेडवर होते.) "फार ऐकतात हो ते! काय आवडतं त्यांना?" तोंडातून निघून गेलं — प्रेमाच्या कादंबऱ्या! जीभ चावली. सर हसले. म्हणाले, आमच्या एक ताई आहेत, नोकरी सांभाळून वाचतात, त्यांना सांगतो रेकॉर्ड करायला.

कोण कुठली बाई, दमून घरी येणार आणि चैत्यासाठी वाचणार. वाईट वाटलं. खरंच वाटलं. मग पुढचा भाग लावला.

२१ नोव्हेंबर

मेले!!

तीन डिसेंबरला डहाणूत कार्यक्रम. यंदा सर्वांत जास्त पुस्तकं ऐकणारा सभासद — चैत्या! एकेचाळीस पुस्तकं. शाल, नारळ आणि मंचावर दोन शब्द. त्यानं एक ओळ ऐकलेली नाही! नेलं नाही तर धनेश सर घरी येतील, तसं म्हणालेच ते. पकडले गेले तर सभासदत्व जाईल, आणि ज्या शितलनं शब्द टाकला तिचीही मान खाली.

२४ नोव्हेंबर, रविवार

सांगितलं चैत्याला. तुझ्या नावावर मी ऐकते, म्हटलं. वाटलं चिडेल. तो हसला. "एकेचाळीस? मी तर लय शाना झालो!" "मंग मला पन सांग त्या गोष्टी. तिथं विचारतील ना."

२९ नोव्हेंबर

रोज चुलीपाशी त्याची तयारी घेतेय. एक नाव विसरत नाही! उलट माझ्याच चुका काढतो — "काल तू त्याला थोरला भाऊ म्हटलं, आज धाकटा कसा?" आज हातातली टोपली तशीच राहिली. "आनखी एक सांग ना बाय." म्हटलं, पुरे, मंचावर एवढं बस झालं. बरं, म्हणाला.

३ डिसेंबर

निळा शर्ट घातला होता त्यानं. धनेश सरांनी विचारलं, कोणतं पुस्तक आवडलं? चैत्यानं त्या होडी बांधणाऱ्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. मी सांगितली त्याहून चांगली. हॉलभर टाळ्या. माझा जीव भांड्यात पडला.

सर म्हणाले, "आणखी काय हवं ते मागा चैत्यभाऊ. सगळं फुकट आहे, तुमच्यासाठीच आहे."

चैत्यानं मान सरांच्या आवाजाकडे वळवली.

"फुकट?"

माईकवर होता, सगळ्यांना ऐकू गेलं. लोक हसले. त्यांना वाटलं, गंमत करतोय. मी मात्र खुर्चीत मेल्यासारखी झाले.

घरी परतताना आशागडच्या रिक्षात तो मांडीवर शाल घेऊन बसला होता. म्हणाला, "मला वाटला तू पैशे भरतेस. तवा किती ओरडलीस ना? म्हनून मागलं नाय कधी."

रोज सकाळी मी फोन घेऊन निघते. आई वाडीत कामाला जाते. मागे तो एकटा, अंधार पडेपर्यंत. आणि त्याच्या नावाची पुस्तकं शेडमध्ये चिकूंना ऐकवत होते मी! रिक्षात सगळ्यांसमोर रडले. त्यालाच माझी समजूत काढावी लागली.

४ डिसेंबर

फोन कसा लावायचा, उचलायचा, पुस्तक कसं सुरू करायचं — सगळं बोटं धरून शिकवलं. दोनदाच सांगावं लागलं.

५ डिसेंबर

फोन घरी ठेवून गेले. शुक्रीमावशी फुगली, फुगू दे. दुपारी धनेश सरांचा फोन आला, तो चैत्यानंच घेतला आणि त्याला हवं ते पुस्तक स्वतः मागितलं. कादंबरी नाही. सहावीचं विज्ञान. पाचवीची परीक्षा देऊन आला होता, त्याच सुट्टीत त्याचे डोळे गेले. पुढं शाळेचं नाव आम्ही कुणी काढलं नाही, त्यानंही नाही.

जेवताना मला विचारलं, "चौदा वर्सं झाली बाय. आता सहावीत बसू देतील का?"