दारापासून लांबची जागा

बिश्केक
१४ ऑक्टोबर

बाबा,

सलाम. मी बरी आहे. इकडे अजून बर्फ नाही. गुडघ्यांसाठी लोकरी पट्टे पाठवलेत, वापरा. पेटीत ठेवू नका.

तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते, काम झालं. एका खोलीच्या घरासाठी लाकडी जाळीची भिंत. फोनवरून सांगितलं की उघडते, पलंग होते, बैठक होते, मिटते. कोण कुठे बसतं ते तिला वजनावरून कळतं आणि तशी ती स्वतःला मांडते. ‘‘चाकं लावून घर होत नसतं, बुरुल,’’ असं तुम्ही चार वर्षांपूर्वी म्हणालात. चाकं नाहीत, बाबा.

आधी पोलादी बिजागऱ्या होत्या. सहा वेळा अडकल्या.

आईच्या वर्षाच्या जेवणाला मी आले होते. त्या दिवशी कोठारातली, तुमच्या जुन्या युर्टची, त्या नमद्याच्या गोल तंबूघराची, लाकडी जाळी नाहीशी झाली. तुम्ही सगळ्यांसमोर तुमच्याच हाताखाली शिकणाऱ्या एर्मेकला चोर म्हणालात. मी चहा ओतत होते. ओतत राहिले.

जाळी मी नेली. गाठी कापून पट्टी न् पट्टी सुटी केली. एकही सरळ नव्हती, भोकांमधली अंतरंही सारखी नव्हती. तुमच्या चुका समजून माझ्या भिंतीत मी ती सारखी केली. भिंत वाकडी उभी राहिली. मग तुमची अंतरं होती तशी घेतली, कच्च्या चामड्याच्या गाठी मारल्या आणि एक टोक ओढलं. सगळ्या गाठी एकदम वळल्या. आवाज नाही. मी ती मिटली, पुन्हा ओढली. ही अंतरं तुम्ही नुसत्या अंगठ्याने मोजता.

शेजारच्या साल्किन आजी बघायला आल्या. महिनाभर कुणी बसलं नाही ती जागा आपोआप मिटावी, असं मी भिंतीला शिकवलं होतं. दारापासून सर्वांत लांबची, वडीलधाऱ्यांची जागा मिटली होती.

‘‘ती कुठे गेली गं?’’

‘‘कुणी बसत नाही, आजी. तेवढीच जागा वाचते.’’

‘‘कुणी आलं नाही म्हणून मानाची जागाच मोडलीस? तुझ्या भिंतीला आईबाप नाहीत वाटतं!’’

मी ती उघडली. त्यांना बसा म्हटलं.

‘‘मी कशाला? जिचा मालक जिवंत आहे त्या जागेवर मी बसत नसते.’’

शिकवलेलं मी पुसून टाकलं. जागा आता उघडीच असते. कुणी बसलं तर फोनवर वजन येतं. रोज सकाळी बघते. शून्य.

एर्मेकला वेगळं पत्र लिहिलंय. जाळी परत बांधते आहे. माझ्या गाठी सैल पडतात.

दाराजवळ बसलेली,
बुरुल