दगडावरून ओढलेलं समुद्रफूल

आईच्या लाडक्या राजा,

फिशटँकमधलं तुझं समुद्रफूल मेलंय. दिसायला फूल असलं तरी जिवंत प्राणीच तो; बिचारं आपली जागा शोधून दगडामागे चिकटून बसलं होतं, पण पाहुण्यांना समोरून दिसायला हवं म्हणून काल तू ते नखांनी ओढून काढलंस. त्याचा पाय फाटला आणि सकाळपर्यंत ते विरघळायला लागलं. तेव्हाच उचलून टाकलं असतं तर पाणी नासलं नसतं, निदान मासे तरी वाचले असते. मी बघितलं होतं. पण मी आईची बॅग भरत होते.

हो, आईला घेऊन चाललेय. हा टँक मावावा म्हणून तिचा पलंग तू हॉलमधून उचलून मागे वॉशिंग मशीनशेजारी टाकलास, तेव्हा मी गप्प बसले. चूक झाली.

फोन करू नकोस. तिचा फोन माझ्या पर्समध्ये आहे.

निघताना ती म्हणाली, "खिडक्या उघड गं, राजाला वास सहन होत नाही." मी उघडल्या. मग तिला जिन्यात थांबवून परत वर आले आणि सगळ्या घट्ट लावून घेतल्या.

ताई